मागच्या खोलीतल्या दहा पिशव्या

राजापेठ, अमरावती
५ जानेवारी २०२४

चि. गीतांजलीस,

सवयीने आधी सौ. लिहिलं होतं. मग खोडलं, मग कागदच बदलला. हा तिसरा कागद आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोन मी बंद करून साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. शेखरची बातमी त्याच्यावरच आली, तेव्हापासून तो वाजलेला मला नको. शेजारच्या रागिणीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तिच्यासमोर तुझ्याशी बोलणं मला जमणार नाही.

तेराव्याला चार लोकांत मी म्हटलं, "तुह्या कुत्र्याच्या छत्र्यांनी माह्यं पोरगं खाल्लं." तू त्याच दुपारी भावासोबत, नितेशसोबत, बाळापूरला निघून गेलीस. त्यावर मला आज काही लिहायचं नाही आणि तूही लिहू नकोस. कामाचं लिहिते.

काल मागची खोली उघडली. तू गेल्यापासून कडी काढली नव्हती. तुझ्या मशरूमच्या दहाही पिशव्या बांबूला तशाच टांगलेल्या. भरल्या तेव्हा कुटाराच्या, त्या वाळक्या भुशाच्या, पिवळ्या होत्या, आता दही विरजल्यासारख्या पांढऱ्या झाल्यात, आणि भोकांतून बारीक कोंब डोकावतात. मी माळकरी बाई. हे असलं काही घरात नको म्हणून मी तुझ्याशी किती भांडले ते तुला ठाऊक आहे. तो गुरुवारी गेला, त्याच्या आदल्या मंगळवारीही आपलं वाजलंच होतं. तेव्हा पहिला विचार आला, सगळं घंटागाडीत टाकून मोकळं व्हावं.

स्टुलावर चढले आणि सुतळीला हात लावला, तर गाठ शेखरची. शाळेत स्काऊटमध्ये शिकला होता. बुटाच्या नाडीलाही तीच गाठ मारायचा आणि सोडवायला मला हाका मारायचा. तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी तू कुटार भरत होतीस, तो पिशव्यांची तोंडं बांधत होता आणि मी दारातून नाकाला पदर लावून बघत होते. गाठ मला सोडता येते गं, पण हात चालला नाही.

मला या पिशव्या फेकायच्या नाहीत, जगवायच्या आहेत. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा पहिलीतल्या पोराला सांगतात तसं लिही.

जयवंता


बाळापूर
१० जानेवारी

ती. सासूबाईंना नमस्कार,

पत्र काल मिळालं. तुम्ही म्हणता तसं कामाचंच लिहिते.

कुटार पांढरं झालं म्हणजे बी धरलं. ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं बी आम्ही थर देऊन टाकलं होतं, त्याचेच ते धागे. इतके दिवस त्यांना अंधार हवा होता, तो तुमच्या कडीमुळे मिळाला. आता हवा आणि थोडा उजेड लागेल, ऊन मात्र नको. नवं ब्लेड घ्या, डेटॉलने पुसा आणि प्लास्टिक उभं चिरून खालून काढून टाका. कुटाराचा गोळा सुटत नाही, घट्ट झालेला असतो. वरची चार बोटं सोडून चिरा, म्हणजे गाठी आहेत तिथेच राहतील.

खिडकी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास उघडायची. बंद राहिली तर दांडे लांबतात आणि छत्र्या बटणाएवढ्याच राहतात. खिडकीला ओलं पोतं लावा, फरशीवर पाणी मारा. फवाऱ्याची बाटली कपाटात खालच्या कप्प्यात आहे. दिवसातून दोनदा, धुक्यासारखं मारायचं. पाणी ठिबकलं म्हणजे जास्त झालं. खोलीत जायच्या आधी हात साबणाने धुवा, देवघरात जाताना धुता तसे.

छत्री तळहाताएवढी झाली आणि कडा अजून खाली वळलेली आहे तोवर तोडायची. बुडाशी धरून पिळायची, ओढायची नाही. कडा वर वळली की पांढरी भुकटी उडते, तुम्हाला खोकला होईल. नाकाला पदर बांधा. तो तुम्हाला नवा नाही.

एक पिशवी तीन तोडे देते, फार तर चार. मग ती संपते, कितीही जपली तरी. हे आधीच सांगून ठेवते.

इथल्या बचत गटाच्या बायका शिकव म्हणून मागे लागल्या आहेत. मी कुटाराला हात लावत नाही.

गीतांजली


राजापेठ
१८ जानेवारी

चि. गीता,

तुझं पत्र देवघराच्या भिंतीला पिनेने लावलंय आणि ओळीओळीने वाचून सगळं केलं. ब्लेडने बोटही कापून घेतलं, ते जाऊ दे.

परवा पहिला तोडा निघाला. रागिणीच्या काट्यावर दोन किलो भरला. परातीत घेऊन बसले आणि कळेना की आता यांचं करायचं काय. मी आपली मुगाच्या वरणावर जगणारी. शेवटी रागिणीला दिल्या. संध्याकाळी तिच्या खिडकीतून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. असाच वास आला की तो ताट घेऊन माझ्याजवळ सरकायचा. "एक डाव खाऊन पाह्य ना आई, मटन नोहे ते." मी ताट उचलून दुसरीकडे बसायची. एक घास खाल्ला असता तर माझ्या गळ्यातली माळ काही तुटून पडली नसती. आता तो घास मला कोण देणार?

सकाळी खिडकी उघडते तेव्हा त्यांच्याशी थोडं बोलते. हसू नकोस. घरात दुसरं कोण आहे?

आणखी एक चांगली गोष्ट. खाटेच्या बाजूला जी पिशवी आहे तिच्या बुडाशी हिरवा पट्टा आलाय, कोवळा, तुळशीच्या नव्या पानासारखा. तिला मी जास्त पाणी मारते. हिरवं म्हणजे जीव धरला, नाही का? आपण वावरात जन्मभर तेच बघत आलो.

जयवंता


बाळापूर
२३ जानेवारी

ती. आई,

हे पत्र मिळेल त्या क्षणी ती पिशवी खोलीबाहेर काढा. घराबाहेरच काढा. वावरात हिरवं म्हणजे जीव, पण इथे उलटं आहे. ती हिरवी बुरशी आहे. ती पांढऱ्या धाग्यांना खाते आणि एकीवरून दुसरीवर उडते. तिला पाणी मारू नका, हात लावलात तर धुवा.

आणि ती आली कुठून ते शोधा. खोली आम्ही चुन्याने पुसली होती, कुटार उकळत्या पाण्यातून काढलं होतं. तरी आली म्हणजे खोलीत काहीतरी ओलं सडतंय. जुनी भाजी, धान्य, एखादं पोतं. खाटेखाली बघा, माळ्यावर बघा. मूळ निघालं नाही तर दहाही जातील.

तुम्ही लिहू नका म्हणालात, पण मला कोणाजवळ तरी बोलायचं आहे. त्या गुरुवारी निघताना हे म्हणाले, "अकोल्याकडे जातोच आहे, तर तुझं बीही घेऊन येतो." मी म्हटलं बरं. एवढंच. पुढच्या पिशव्यांचं ते बी तसंही पार्सलने येणार होतं. "नका जाऊ, दोन दिवसांनी आलं तरी चालतं," असं म्हणायला मला काय झालं होतं? मूर्तिजापूरजवळ तो ट्रक आला तेव्हा त्यांच्या डिक्कीत माझं बी होतं. तुम्ही तेराव्याला जे बोललात ते मी रोज स्वतःला बोलते. तुम्ही एकदाच बोललात.

इथे आईने काल सोलेभात केला. तुरीचे सोले, ते हिरवे ओले दाणे, मला किती आवडतात ते तिला माहीत, म्हणून हौसेने केला. दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठले.

गीता


राजापेठ
२९ जानेवारी

चि. गीता,

खोलीत काही नाही. मी सगळं बघितलं.

हिरवी पिशवी बाहेर ठेवली. आता तिच्या शेजारच्या दोन हिरव्या पडल्या आहेत. यावर काही औषध असेल तर नाव लिही, रागिणी आणून देईल.

त्या दिवशीचं पुन्हा काढू नकोस. मी सांगितलं होतं. आणि जेवत जा.

जयवंता


बाळापूर
३ फेब्रुवारी

ती. आई,

फवारायचं औषध तुम्ही हाताळू नका, तुमचा दमा वाढेल. हिरव्या पडलेल्या बाहेर काढा, फरशी आणि भिंती चुन्याच्या निवळीने पुसा. पण हे वरवरचं. मूळ आतच आहे. आई, ती बुरशी कशावर तरी पोसली जाते आहे. मी तीन दिवस प्रशिक्षणात हेच शिकले आणि घरी दोनदा नुकसान करून पुन्हा शिकले. पहिल्या वेळी माळ्यावर विसरलेली कांद्याची टोपली निघाली होती, आठवतं का? तुम्हीच मला बोलला होतात.

खाट जड आहे, तुमच्याने हलायची नाही. पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, नितेशला पाठवते. तो खाट सरकवून बघेल. सात पिशव्या अजून वाचतील. त्यांच्या हातच्या आहेत, माझ्यासाठी तरी वाचवा.

गीता


राजापेठ
८ फेब्रुवारी

नितेशला पाठवू नकोस.

ज.


बाळापूर
२० फेब्रुवारी

ती. आई,

तुमचं कार्ड मला बारा तारखेला मिळालं, तोवर नितेश जाऊन आला होता. म्हणाला, अर्धा तास दार वाजवलं, आतून कडी होती, आत तुमच्या पावलांचा आवाज येत होता. "म्हतारी बाई आतून म्हणे, जा बापू, काई काम नाही." तो चिडला आहे. मी चिडलेली नाही, मला भीती वाटते.

रागिणीताईंना फोन केला. म्हणाल्या, मागची खिडकी आठ दिवसांत उघडलेली दिसली नाही.

पिशव्या गेल्या असतील तर जाऊ द्या. मी भरून देईन दुसऱ्या. तुम्ही दार उघडा आणि दोन ओळी लिहा.

गीता


राजापेठ
९ मार्च

चि. गीता,

पिशव्या गेल्या. दहाच्या दहा. ते तू ओळखलंच असशील. त्या कशाने गेल्या ते लिहिते. हे पत्र बसून वाच.

खाटेखाली तुरीच्या शेंगांची चुंगडी होती, तोंड बांधलेलं लहान पोतं. त्या गुरुवारी ती शेखरच्या गाडीवर होती.

शेंगा अकोल्यापलीकडच्या बार्शीटाकळीच्या, माझ्या बहिणीच्या वावरातल्या. त्याला मी पाठवलं होतं. बुधवारी रात्री जेवताना म्हटलं, उद्या सुट्टी आहे तर तानुमावशीकडून शेंगा घेऊन ये. तो म्हणाला, "बी पार्सलनं येऊन राह्यलं आई, मले तिकडे जाचं कामच नाही." मी म्हटलं, "काहून नाही? तानूनं तोडून ठेवल्या, सुकून जातीन." तो म्हणाला, "राजापेठेत ढीग लागले शेंगांचे." मी म्हटलं, "इकतच्या अन् घरच्या सारख्या असतात काय रे?" तो हसला. "बरं बुवा, जातो." म्हणून तो तुला सकाळी म्हणाला, जातोच आहे. तू तेव्हा आंघोळीचं पाणी काढत होतीस, आणि आदल्या रात्री मागच्या खोलीत होतीस, म्हणून आमचं बोलणं तुला माहीत नव्हतं. म्हातारपणी माझ्या जिभेचे चोचले. मला सोले खावेसे वाटले, एकादशीच्या आधी घरात यावेत म्हटलं, आणि पोटच्या पोराला शंभर मैल हिंडायला लावलं.

गाडीवरचं सामान घरी आलं तेव्हा तुझ्या बियांच्या पुड्या वर होत्या, सगळ्यांना दिसल्या. चुंगडी मी पायाने खाटेखाली सरकवली. कोणी विचारलं नाही. तेराव्याला जो तो विचारायचा, "गेला कशाले होता?" आणि सगळ्यांचे डोळे फिरत फिरत माझ्याकडे येणार असं मला वाटायला लागलं. तेव्हा तू पाणी घेऊन समोर आलीस. माझ्या तोंडून ते निघालं, आणि निघाल्यावर मला हलकं वाटलं. हेही लिहिते, कारण ते खरं आहे.

खोलीला कडी मी तुझ्या छत्र्यांसाठी लावली नव्हती.

तू लिहिलंस खाटेखाली बघा, त्याच दिवशी मला मूळ कळलं. चुंगडी बाहेर काढली असती तर पिशव्या वाचल्या असत्या. पण तिच्या तोंडालाही त्याचीच गाठ होती, शेवटची. रोज जायची, खाटेखाली वाकायची, परत यायची. तुझ्या लिहिण्याप्रमाणे रोज एकेक पिशवी हिरवी होत गेली. नितेश आला तेव्हा मी दारापर्यंत जायची आणि परत खाटेवर येऊन बसायची.

एकादशीला, परवा, चुंगडी आणि पिशव्या सगळं मागच्या लिंबाच्या बुडाशी खड्डा करून पुरलं. रागिणीने कुदळ मारली. अकरा गाठी कापून ठेवल्यात, सोडल्या नाहीत.

मी लोकांत बोलले होते, तेव्हा लोकांतच फेडायला हवं. परवा भजनी मंडळात टाळ खाली ठेवून सगळ्यांना सांगितलं. तेराव्याला दारात जे जे होते त्यांना एकेकाला गाठून सांगते आहे. तानू म्हणाली, शेंगा तर मी तोडल्या, आणि तीही रडत बसली. अजून पुष्कळ उरलेत. गुडघे दुखतात, पण जाते.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द फार लहान आहे. तू आता कुटाराला हात लाव. तुझ्या हातांनी काही केलेलं नाही.

जयवंता


बाळापूर
२० मार्च

ती. आई,

पत्र मिळून सहा दिवस झाले. पहिले तीन दिवस ते मी नितेशला दाखवलं, आईला दाखवलं, गल्लीत ज्या बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या त्यांनाही वाचून दाखवलं. दाखवून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग राग आला. इतका की तुमचं पत्र चुलीत घालायला नेलं होतं. तीन महिने मी आरशात बघितलं नाही. ज्वारीचा दाणा दिसला तरी मला ती पुडी दिसायची. तुम्हाला हे रोज ठाऊक होतं, आणि तुम्ही मला विचारत होतात की फवारा किती मारू.

परवा पत्र पुन्हा वाचलं. त्यातलं एक वाक्य खोटं आहे.

तुम्ही लिहिलंत, सोले तुम्हाला खावेसे वाटले. आई, नऊ वर्षं तुमचं ताट मी वाढलं आहे. तुरीने तुम्हाला पित्त होतं. मुगाशिवाय दुसरं वरण तुम्ही तोंडात घेत नाही. ह्यांना सोले आवडायचे नाहीत, ते भातातून वेचून माझ्या ताटात टाकायचे. त्या घरात सोलेभात खाणारी मी एकटी होते.

मंगळवारी आपलं भांडण झालं. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चुकलं असं तोंडाने म्हणणं तुम्हाला कधी जमलं नाही, तुम्ही ताटात वाढता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बांगड्यांवरून रुसले होते तेव्हाही तुम्ही काही बोलला नव्हतात, सोलेभात केला होतात. शेंगा तुम्ही माझ्यासाठी मागवल्या होत्या.

हे लिहिलं असतंत तर ते पुन्हा माझ्यावर आलं असतं. म्हणून तुम्ही स्वतःची जीभ पुढे केलीत. आता मला ते कळलं आहे आणि ते मला जन्मभर पुरेल. पण तुमच्या मनाने मला त्यातून वाचवायचं होतं, हेही कळलं.

तेराव्याचं मी अजून माफ केलेलं नाही. होईल की नाही ते सांगता येत नाही. पण या दुसऱ्या खोट्यासाठी मी येते आहे.

गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, दुपारच्या एसटीने. राहायचं की परत यायचं ते ठरवलेलं नाही. उन्हं तापली आहेत, आता बी धरणार नाही, पिशव्या थंडीत भरू. तोवर खोली रिकामी करून चुना देऊ. गाठी जपून ठेवा. त्यातली एक मला सोडून दाखवा, ती कशी बांधतात ते मला शिकायचं आहे. उरलेल्यांकडे सांगायला जायचं असेल तर माझ्याबरोबर चला, एकट्या हिंडू नका.

दाराला आतून कडी लावू नका. आणि माझ्यासाठी काही विशेष करू नका. मुगाचं वरण लावा, दोघींपुरतं.

गीता